एकाच साहेबाचं कोर्ट

मा. संरक्षणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली



पिरियापट्टण हा म्हैसूर जिल्ह्यातला तंबाखूचा तालुका. पश्चिमेची हद्द ओलांडली की माजी लष्करप्रमुख करिअप्पा आणि थिमय्या यांचं कोडगू लागतं. या भागात फौजेविषयी आदर शिकवावा लागत नाही. पण करिअप्पांसारख्या अधिकाऱ्याला कधीच न लागू होणारं एक कोर्ट साध्या जवानाच्या वाट्याला येऊ शकतं. हे पत्र त्या कोर्टाबद्दल आहे.

सेना अधिनियम १९५० चं कलम ११६. समरी कोर्ट मार्शलमध्ये पलटणीचा कमांडिंग ऑफिसर, म्हणजे सीओ, हाच संपूर्ण न्यायालय असतो. आणखी दोघे शेजारी बसतात. त्यांना शपथ नाही, मत नाही. आरोपीला मदतीला माणूस घेता येतो, वकीलसुद्धा. मात्र त्याने साक्षीदाराला प्रश्न विचारायचा नाही आणि कोर्टापुढे बोलायचं नाही. मग त्याला बोलावून करायचं काय, हे सेना नियम बनवणाऱ्यांनाच ठाऊक. लेफ्टनंट कर्नल किंवा त्यावरच्या हुद्द्याचा सीओ एक वर्षापर्यंत कैद देऊ शकतो, बडतर्फही करू शकतो. शिक्षा कुणाकडून मंजूर करून घ्यावी लागत नाही. अधिकारी आणि जेसीओ (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर) या कोर्टाच्या कक्षेबाहेर आहेत. बडतर्फीबरोबर सहसा पेन्शनही जाते, म्हणजे चौदा वर्षं नोकरी केलेल्या शिपायाचं सगळं घरच त्या दिवशी कोर्टात उभं असतं.

रणजित ठाकूर हा सिग्नल्समधला जवान. सीओच्या वागणुकीची तक्रार त्याने थेट वरिष्ठांकडे पाठवली आणि त्याबद्दल त्याला २८ दिवसांची सक्तमजुरी मिळाली. ती भोगत असताना, मे १९८५ मध्ये, ‘जेव’ असा हुकूम झाला. तो जेवला नाही. हुकूम मोडल्याबद्दल समरी कोर्ट मार्शल बसलं आणि त्यात ज्याच्याविरुद्ध तक्रार होती तोच सीओ होता. एक वर्षाची कैद झाली, नोकरीही गेली. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कोर्ट मार्शल आणि त्याची शिक्षा रद्द केली. निकाल लिहिला न्या. एम. एन. वेंकटचलय्या यांनी, कर्नाटकातल्याच न्यायाधीशांनी. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्यानेच न्यायाला बसणं त्यांना मान्य झालं नाही. न जेवण्याला एवढी शिक्षाही अतोनात वाटली.

वास्तविक सेना अधिनियमाच्या कलम १२० मध्येच पथ्य सांगितलेलं आहे: तातडीचं गंभीर कारण नसेल, तर सीओच्याच विरुद्धचा गुन्हा त्याने वर विचारल्याशिवाय चालवू नये. विश्वप्रिय सिंग खटल्यात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं की हे कोर्ट अपवादानेच भरवायचं आणि तातडीची कारणं लिहून ठेवायची. न्यायालयांना पुनःपुन्हा हेच सांगावं लागतं, याचा अर्थ कलमच बदलायला हवं.

शिस्तीचा मुद्दा येणारच, आणि तो पोकळ नाही. आघाडीवर, सक्रिय सेवेत, झटपट निवाडा लागतो. पण शांततेच्या छावणीत, पुण्यात किंवा बेळगावात, जिथे अनेक अधिकाऱ्यांचं जिल्हा कोर्ट मार्शल भरवता येतं, तिथे घाई कसली? हवाई दलाचा कायदाही १९५० चाच. त्यात हे कोर्ट नाही, आणि हवाई दल बेशिस्त झाल्याचं ऐकिवात नाही.

२०२३ मध्ये संसदेने आंतर-सेवा संघटनांचा कायदा केला, १० मे २०२४ पासून तो लागूही झाला. आता संयुक्त संघटनेचा प्रमुख तिन्ही दलांच्या माणसांवर शिस्तीची कारवाई करू शकतो. गुन्हे आणि शिक्षा मात्र ज्याच्या त्याच्या जुन्याच कायद्याप्रमाणे. तेव्हा एकाच ठिकाणी एकच चूक करणाऱ्या दोघांपैकी पायदळाच्या जवानाला सीओचं कोर्ट लागू शकतं, हवाई दलाच्या जवानाला लागत नाही. ब्रिटनने २००६ च्या कायद्यात तिन्ही दलांसाठी एकच संहिता केली. आपण आराखडा त्यांचाच घेतला होता.

अशा सुधारणांना किती वेळ लागतो, त्याबाबत एवढंच: कोर्ट मार्शलविरुद्ध एकही अपील नाही, ही उणीव सर्वोच्च न्यायालयाने पृथीपाल सिंग बेदी खटल्यात १९८२ मध्ये दाखवली. ती भरून काढणारा सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा २००७ मध्ये झाला, न्यायाधिकरणाचं काम २००९ मध्ये सुरू झालं. पिरियापट्टणच्या जवानाला अपिलासाठी त्याचं कोचीचं खंडपीठ गाठावं लागतं.

संसदेत विधेयक येईल तेव्हा येवो. सक्रिय सेवेबाहेर समरी कोर्ट मार्शल भरवण्यापूर्वी वरच्या फळीची लेखी परवानगी आणि जज ॲडव्होकेट (कायदा) शाखेचं मत घ्यावं, एवढा आदेश सेना मुख्यालय आजच काढू शकतं. तो काढायला लावणं आपल्या हाती आहे.

कळावे.