जाड ऑईल, पातळ ऑईल

गाडीत कुठलं ऑईल टाकावं यावर आपल्याकडे प्रत्येकाला मत असतं. ज्याच्याकडे गाडी नाही त्यालाही असतं. आणि ते बहुतेक एकच असतं : "जाड टाक रे, आपल्याकडचं ऊन माहितीये ना?"

माझं मत त्यामानाने मिळमिळीत आहे. गाडीबरोबर एक पुस्तक मिळतं. ते ग्लोव्ह बॉक्समध्ये, पीयूसीच्या कागदाखाली, प्लास्टिकच्या पिशवीत वर्षानुवर्षं पडून असतं. तुमच्या इंजिनाला कुठलं ऑईल चालतं ते त्यात छापलेलं आहे. तेच टाकावं. विषय खरं तर इथेच संपायला हवा. पण तो संपत नाही, कारण पुस्तक उघडण्यापेक्षा काउंटरवरच्या पोराला विचारणं सोपं असतं आणि त्याच्याकडे जे ऑईल शिल्लक असतं, तेच नेमकं तुमच्या गाडीला 'एकदम बेस्ट' असतं!

आधी त्या उन्हाचं बघू. डब्यावर ५डब्ल्यू-३० असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर. पहिला आकडा थंडीतला : जितका लहान, तितकं ऑईल गारठ्यातही लवकर वाहतं. दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला ते किती घट्ट राहतं त्याचा. आता गंमत बघा, चंद्रपूरला मे महिन्यात बाहेर ४५ अंश असले तरी गरम झालेल्या इंजिनातलं पाणी थर्मोस्टॅट ९० अंशांच्या आसपासच ठेवतो. महाबळेश्वरच्या डिसेंबरातही तेवढंच. म्हणजे दुसरा आकडा आपल्या उन्हाला घाबरून ठरवायचं तसं कारण नाही. काही पुस्तकांत बाहेरच्या तापमानानुसार दोन-तीन ग्रेडचा तक्ता असतो. असेल तर त्यातून निवडा. तक्त्याबाहेर मात्र जाऊ नका.

जाड ऑईलची श्रद्धा आली कुठून? माझ्या मते ती फियाट-ॲम्बॅसिडरच्या जमान्यातून आली. तेव्हाच्या इंजिनांत फटी मोठ्या, गाड्या झिजेपर्यंत चालवायची पद्धत आणि ऑईल पिणारं इंजिन ही घरोघरीची गोष्ट. २०डब्ल्यू-५० टाकलं की धूर कमी व्हायचा, आवाज दबायचा. त्या गाड्यांपुरतं ते शहाणपण खरंच होतं. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात गेली, शहाणपण मात्र मागे राहिलं. आजच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांना ०डब्ल्यू-२० लागतं. त्यांच्या बेअरिंगच्या फटी, ऑईल पंप, व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा, सगळं त्या पातळ ऑईलच्या हिशेबाने बेतलेलं. सकाळी स्टार्टर मारल्यावर वरपर्यंत ऑईल पोचायला जितका वेळ लागेल, तितका वेळ लोखंडावर लोखंड घासणार. तिथे जाडपणा कामाचा नाही.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. "कंपन्या मायलेज दाखवायला पातळ ऑईल सांगतात" असं लोक म्हणतात, ते अगदीच खोटं नाही. पातळ ऑईलने इंधन थोडं वाचतं आणि आपल्याकडेही २०१७ पासून कंपन्यांवर इंधनखपतीचे नियम आहेत. एकाच इंजिनाला वेगवेगळ्या देशांतल्या पुस्तकांत वेगवेगळे ग्रेड दिलेले सापडतात. म्हणून माझा आग्रह एका आकड्याचा नाही, आपल्या पुस्तकाने दिलेल्या कुंपणाचा आहे.

पण मंडळी, या जाड-पातळच्या भांडणात खरी महत्त्वाची ओळ कोणी वाचतच नाही. ती डब्याच्या मागे बारीक अक्षरात असते.

माझे मामा सोलापूरकडे शेती करतात. तीन वर्षांपूर्वी त्यांनी बीएस-६ डिझेल गाडी घेतली. वॉरंटी संपत आली तसं त्यांच्या मनात आलं, की घरात ट्रॅक्टरसाठी आणलेली ऑईलची बादली आहेच, तेच गाडीत ओतू. मला फोनवर म्हणाले, "दोन्ही डिझेलच ना रे? मग?"

प्रश्न रास्त होता. म्हटलं, "मामा, तुमच्या ट्रॅक्टरच्या धुराड्यात जाळी नाही. गाडीच्या आहे."

एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि डिझेल गाड्यांना सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ नावाचा फिल्टर आला. तो काजळी अडवतो आणि मधूनमधून तापून ती जाळून टाकतो. पण ऑईलमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक असलेली रसायनं असतात. इंजिन थोडं थोडं ऑईल जाळतंच आणि त्या धातूंची राख होते. राख पुन्हा जळत नाही. ती जाळीत साठत राहते. म्हणून अशा गाड्यांच्या पुस्तकात कमी राखेचं ऑईल मागितलेलं असतं. डब्यावर 'एसीईए'पुढे सी२ किंवा सी३ असं काही दिसतं, ते हेच. ट्रॅक्टरच्या ऑईलला असलं बंधन नसतं. एकदा टाकल्याने काही आभाळ कोसळत नाही, पण दरवेळी तेच टाकलं तर काही वर्षांनी जाळी बुजते. नव्या फिल्टरच्या पैशांत ऑईलच्या किती बादल्या येतात याचा हिशेब मामांनीच सर्व्हिस सेंटरला विचारून केला आणि बादली ट्रॅक्टरला परत गेली.

पेट्रोल गाड्यांतही हीच गोष्ट, फक्त अक्षरं वेगळी. एपीआयची एस-मालिका तिथे बघायची. २०२० मध्ये एसपी आलं, २०२५ मध्ये एसक्यू. सहसा पुढचं अक्षर मागच्याच्या जागी चालतं. टर्बो पेट्रोल असेल तर जुन्या अक्षराचं स्वस्त ऑईल अजिबात घेऊ नका. कमी वेगात जोर लावल्यावर अवेळी पेट घेऊन पिस्टन फोडणाऱ्या प्रकाराची चाचणी एसपीमध्ये आहे. काही इंजिनांत तर टायमिंग बेल्टच ऑईलमध्ये भिजून फिरतो. तिथे चुकीच्या रसायनाने रबर सुटायला लागतं.

'फुल सिंथेटिक' या शब्दाचा दरारा मात्र मला कधीच वाटला नाही. १९९९ मध्ये अमेरिकेत मोबिलने कॅस्ट्रॉलविरुद्ध जाहिरातींच्या पंचांकडे तक्रार केली होती, की खनिज तेलावरच भारी प्रक्रिया करून तुम्ही त्याला सिंथेटिक कसं म्हणता? निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूने लागला. तेव्हापासून तो शब्द बराच सैल झाला. ऑईल वाईट असतं असं नाही, उलट चांगलंच असतं. पण पुस्तकातला ग्रेड आणि ती बारीक अक्षरं जुळत असतील तर शब्दासाठी वेगळे पैसे मोजायचं कारण नाही. जुळत नसतील तर सिंथेटिक असूनही उपयोग नाही.

आणि काळ्या ऑईलला घाबरणं सोडा. डिझेलमध्ये नवं ऑईल थोड्याच दिवसांत काळं होतं. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. घाबरायचं असेल तर दुधासारखा रंग दिसला, किंवा डीपीएफवाल्या डिझेलमध्ये डिपस्टिकवरची पातळी आपोआप चढायला लागली तर घाबरा. जाळी तापायच्या आत रोज गाडी बंद होत असेल, तर जादा डिझेल खाली ऑईलमध्ये उतरतं. पुण्यात घर ते ऑफिस चार किलोमीटर करणाऱ्यांनी 'किलोमीटर कुठे झालेत अजून' असं म्हणू नये. पुस्तकात 'इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी' असं असतं, त्यातले महिने तुमच्यासाठी आहेत.

शेवटी एक घरगुती सूचना. गाडीतून काढलेलं जळकं ऑईल गोठ्याच्या वाशांना वाळवीसाठी फासायची पद्धत अजून आहे. हाताला लागू देऊ नका आणि गटारात तर नकोच नको. रिकामा डबा भंगारात देण्याआधी त्याला खिळ्याने दोन भोकं पाडा. चांगल्या कंपनीचे धड डबे भलतंच ऑईल भरून पुन्हा बाजारात येतात. मी स्वतः समोर उभं राहून डब्याचं सील फोडायला लावतो आणि उरलेलं अर्धा लिटर घरी घेऊन येतो. पोरं हसतात. हसू देत.