मंडईचे छप्पर आणि करदात्याचा पैसा

व्यापारी संकुले बांधून उत्पन्न मिळविण्याची कल्पना आपल्या महापालिकांना अलीकडे फार प्रिय झाली आहे. कारण उघड आहे. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही 2017 मध्ये वस्तू व सेवा करात लोपला. घरपट्टी वाढविण्याचे धैर्य फारसे कोणापाशी नाही. तेव्हा गाळ्यांच्या अनामतीवर दृष्टी खिळणे स्वाभाविक होय. तथापि अशा वास्तूचा भार कोण वाहतो आणि लाभ कोणाच्या पदरी पडतो, हा प्रश्न पुण्याच्या मंडईने पूर्वीच उपस्थित केला होता.

शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरणारा भाजीबाजार छपराखाली आणण्याचे पुणे नगरपालिकेने ठरविले आणि 1886 मध्ये अष्टकोनी मनोऱ्याची दगडी मंडई उभी राहिली. गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला देण्यात आले. 1876 पासून काही वर्षे पालिकेचे नियुक्त सदस्य असलेल्या जोतीराव फुले यांनी मात्र या खर्चास विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे म्हणणे. हे गृहस्थ बाजाराविषयी अनभिज्ञ नव्हते. घराणे माळ्याचे, फुले-भाजीपाल्याच्या धंद्यातले. स्वतः बांधकामाची कंत्राटे घेणारे. छपराचा उपयोग त्यांना कळत नव्हता असे कोण म्हणेल? आक्षेप होता तो अग्रक्रमाला. रयतेच्या कष्टातून तिजोरी भरते आणि तिच्याच मुलांना प्राथमिक शाळा मिळत नाही, ही तक्रार त्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढेही मांडली.

मुंबईत याच्या आधीच भडका उडाला होता. म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या कारकिर्दीत 1869 मध्ये तेथील भव्य मंडई पूर्ण झाली. पण त्यांच्या एकंदर उधळपट्टीविरुद्ध 1871 मध्ये करदाते उठले आणि 1872 च्या कायद्याने त्यांना प्रतिनिधी निवडण्याचा हक्क मिळाला. मुंबईच्या स्वराज्यात मंडईचा एवढा वाटा आहे! पुढे दोन्ही मंडयांना महात्मा फुले यांचेच नाव लाभले. पुण्यातील नामांतराचे श्रेय आचार्य अत्रे यांचे. ज्यांनी विरोध केला त्यांचेच नाव वास्तूवर कोरले गेले, ही इतिहासाची थट्टाच.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की पुण्याची मंडई वाया गेली नाही. तेथे आजही भाजी विकली जाते. फुले यांचा प्रश्न मात्र त्यामुळे निकालात निघत नाही.

आपल्या कोल्हापुरात आरंभ निराळा झाला. 1891 मध्ये मिरजेहून रेल्वे आली आणि 1895 मध्ये शाहू महाराजांनी स्थानकालगत शाहूपुरी ही गुळाची पेठ वसविली. आधी वाहतूक, मग व्यापार, आणि इमारती ज्याच्या त्याच्या ऐपतीने. आता क्रम उलटला आहे. आधी संकुल उठते, मग गाळ्यांचा लिलाव होतो, आणि अनामत न परवडणारी भाजीवाली त्याच इमारतीच्या पायरीशी पाटी मांडते. तिला उठविण्यासाठी पालिका जे अतिक्रमण पथक पाठविते, त्याचाही पगार करातूनच जातो.