हॉपीची रील जिथे संपते

विल्यम बॉइडची गोष्ट म्हणजे ‘रिस्क घेतली आणि जिंकला’ छापाच्या रीलसाठी तयार माल. १९३५पासून त्याने हॉपअलाँग कॅसिडी या काऊबॉयचे ६६ सिनेमे केले. मालिका थंडावली, तेव्हा होतं-नव्हतं ते विकून, गहाण टाकून त्याने सुमारे साडेतीन लाख डॉलरला त्या सिनेमांचे हक्क घेतले. १९४९मध्ये एनबीसीने ते टीव्हीवर दाखवायला सुरुवात केली. टीव्हीला दाखवायला काहीतरी हवंच होतं, आणि मोठे स्टुडिओ आपले सिनेमे द्यायला तयार नव्हते. अमेरिकेतली पोरं वेडी झाली. पुढच्याच वर्षी हॉपीचं चित्र असलेला शाळेचा डबा बाजारात आला. बॉइड मालामाल.

रील इथे संपते, वर ‘चांगला कंटेंट मरत नाही’ असं कॅप्शन. साफ खोटं. कंटेंट जुनाच होता, उलट टीव्हीच्या वेळेत बसवायला कापलेला. बदलला होता फक्त मालक.

पटत नसेल तर रॉय रॉजर्स आणि जीन ऑट्री बघा. दोघंही पडद्यावरचे बडे काऊबॉय, पण त्यांच्या सिनेमांची मालकी रिपब्लिक स्टुडिओकडे. स्टुडिओने ते सिनेमे टीव्हीला विकायला काढले, तेव्हा दोघं कोर्टात गेले. आमच्या चेहऱ्यावर जाहिरातदारांचा माल विकू नका, एवढंच म्हणणं. रॉजर्सला १९५१मध्ये मनाईहुकूम मिळाला, ऑट्री हरला. १९५४मध्ये अपिलात रॉजर्सचा हुकूमही गेला. कारण? करारातली वाक्यं.

मी कोड लिहितो. नोकरीच्या करारात एक कलम असतं: इथे लिहिलेलं सगळं कंपनीचं. आपण ते न वाचता सही करतो आणि संध्याकाळी बॉइडची रील फॉरवर्ड करतो. अरे, आपण त्या गोष्टीतले बॉइड नाही! फार तर त्याच्या बाजूने घोडा हाकणारे.

त्या बाजूच्यांचं काय झालं? १९६०मध्ये हॉलिवूडच्या नटांनी संप केला, तेव्हा कुठे टीव्हीवर सिनेमा दाखवल्याचे पैसे मान्य झाले, तेही पुढच्या सिनेमांसाठी. १९४८ ते ६०मधल्या कामाबद्दल पेन्शन आणि आरोग्य निधीत एक ठोक रक्कम पडली. हॉपीचे सिनेमे त्याच्याही आधीचे.