गुप्त कारवाईला अपील नसते

११ जुलै २००६ रोजी सायंकाळी पश्चिम रेल्वेच्या उपनगरी गाड्यांत अवघ्या ११ मिनिटांत सात स्फोट झाले. त्यांतील एक जोगेश्वरीचा. या साखळी स्फोटांत १८९ जणांचे प्राण गेले. तेव्हा आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतरही एकच मागणी जोराने पुढे आली: खटल्यांचे गुऱ्हाळ पुरे, इस्रायलप्रमाणे शत्रूच्या घरात शिरून सूत्रधारांना टिपा. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या ‘रॉ’कडे ही क्षमता होती आणि १९९७ मध्ये गुजराल सरकारने ती मोडीत काढली, असा आक्षेपही घेतला जातो.

ही मागणी संतापातून आली असली तरी निराधार म्हणता येणार नाही. सीमेपलीकडे आश्रय घेतलेल्या सूत्रधारांपुढे भारतीय न्यायालयाचे समन्स निरुपयोगी ठरते. मात्र टिपायचे कोणाला, याची खात्री आधी हवी.

रेल्वे स्फोटांत नेमकी तीच झाली नाही. दहशतवादविरोधी पथकाने १३ जणांना अटक केली. २००८ मध्ये मुंबई गुन्हे शाखेने पकडलेल्या इंडियन मुजाहिदीनच्या एका संशयिताच्या जबाबात हे स्फोट आपल्या संघटनेने केल्याचे आले. पुढे तो जबाब मागे घेतला गेला. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवून पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष सोडले. राज्य सरकारच्या आव्हानानंतर सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल पायंडा मानू नये असे सांगितले. परंतु सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात धाडले नाही.

न्यायालयात १९ वर्षांनी का होईना, पुरावा पुन्हा तपासला गेला. गुप्त कारवाईत ती सोय नसते. म्युनिकच्या हत्याकांडाचा सूड घेताना ‘मोसाद’च्या हेरांनी १९७३ मध्ये नॉर्वेतील लिलेहामर येथे भलत्याच माणसाला, एका निरपराध वेटरला ठार केले. इस्रायलचा दाखला देणाऱ्यांनी हेही स्मरणात ठेवावे.

अमेरिका आणि ब्रिटनमध्ये हेरखात्यांवर संसदीय समित्यांची देखरेख असते. भारतात ती नाही. गुप्त कारवायांचे बळ वाढवायचे तर ही देखरेख आणि काटेकोर तपास या दोन्ही गोष्टी आधी हव्यात. अन्यथा निरपराध माणूस बळी जाईल, खरा गुन्हेगार मोकळा राहील आणि स्फोटांत आप्त गमावलेल्यांना न्याय मिळाल्याचा केवळ भास होईल.