‘कोच’ करावा पारखून

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि या परिसराच्या औद्योगिक जीवनाचा प्रारंभ झाला. साठच्या दशकात औद्योगिक विकास महामंडळाने भूखंड पाडले, टेल्को आणि बजाज यांसारखे मोठे उद्योग आले आणि त्यांच्या सावलीत भोसरी, चिंचवड, आकुर्डीचे असंख्य लघुउद्योग वाढले. पुढे हा पट्टा इंद्रायणी ओलांडून चाकणपर्यंत पोहोचला. २००९ साली तेथे मर्सिडीज आणि फोक्सवॅगनचे कारखाने सुरू झाले. या सात दशकांत यंत्रे बदलली, तशीच माणूस घडविण्याची रीतही बदलली. तिच्याकडे मात्र आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही.

टेल्कोचे उदाहरण यासाठी बोलके आहे. कंपनीने १९६६ साली पुण्यात पाय रोवला. पण येथील कारखान्यातून पहिले व्यापारी वाहन बाहेर पडले ते १९७७ साली. मधल्या काळात सुमंत मुळगावकरांच्या नेतृत्वाखाली यंत्रहत्यारे, साचे आणि ते बनविणारे कुशल हात घडविण्यावर भर दिला गेला. माल आधी की माणूस आधी, या प्रश्नाचे ते कृतीने दिलेले उत्तर होते. लहान कारखान्यांतूनही नवख्या पोराला एखादा उस्ताद भेटे. तो हातावर चापट मारी. पण मायक्रोमीटर कसा धरावा, साहेबांशी कसे बोलावे आणि पगाराचे पैसे कसे राखावेत, हे सारे तोच शिकवी. त्याला कोणी ‘पर्सनल कोच’ म्हणत नव्हते आणि त्याची फीही नव्हती.

आज कंत्राटी कामगाराचा करार काही महिन्यांचा असतो. तरुण अभियंता दोन-तीन वर्षांत कंपनी बदलतो. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आलेला मुलगा तळेगाव वा मोशीच्या भाड्याच्या खोलीत चौघांसह राहतो आणि पाळी बदलली की त्या चौघांचीही गाठ पडत नाही. अडचण विचारावी असे वडीलधारे माणूस जवळ नाही. ही पोकळी खरी आहे आणि म्हणूनच ‘लाइफ कोच’, ‘सक्सेस कोच’, ‘बिझनेस कोच’ यांची बाजारपेठ वाढते आहे. या सर्वांना भोंदू ठरविणे अन्यायाचे होईल. परंतु डोळे मिटून त्यांच्यामागे जाणे त्याहून घातक होईल.

शब्दाचा अर्थ आणि परंपरेचा विवेक

‘कोच’ हा शब्द हंगेरीतील कोच नावाच्या गावावरून आला. तेथे बनणाऱ्या घोडागाड्या युरोपभर प्रसिद्ध होत्या. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील विद्यापीठीय बोलीत परीक्षेच्या पार नेणाऱ्या शिकवणी-शिक्षकाला ‘कोच’ म्हणू लागले. म्हणजे कोच मुळात वाहन आहे. प्रवास आपला, मुक्कामही आपणच ठरवायचा. हे ध्यानात ठेवले तर निम्मा गोंधळ संपतो.

आपल्या परंपरेत हा विवेक फार पूर्वीच सांगितला आहे. समर्थांच्या दासबोधातील पाचव्या दशकात गुरुलक्षणांचा स्वतंत्र समास आहे. करामती दाखवणारे, सभा मोहून टाकणारे, पोटासाठी व्यवसाय शिकवणारे, या सर्वांना समर्थ ‘गुरू’ म्हणण्यास तयार आहेत. पण ते सद्गुरू नव्हेत, असे बजावतात. यात व्यवसाय शिकवणाऱ्याचा अवमान नाही, त्याची मर्यादा सांगितली आहे. सभाकौशल्य शिकविणाऱ्याकडून सभाकौशल्य घ्यावे. आपले आयुष्य त्याच्या पायांवर वाहू नये. लगेच पुढच्या समासात समर्थ शिष्याची लक्षणे सांगतात, हेही विसरू नये. परीक्षा दोघांचीही असते.

आधी दुखणे ओळखा

पहिला प्रश्न ‘कोणता कोच’ हा नसून ‘मला नेमके काय हवे आहे’ हा आहे. सीएनसी यंत्र चालवता येत नसेल, तर प्रेरणादायी भाषणाचा उपयोग नाही. चांगली प्रशिक्षण संस्था आणि अनुभवी कारागीर हवा. भोसरीतील लघुउद्योजकाची देयके मोठ्या कंपनीकडे अडकली असतील, तर त्याला हिशेब आणि कायदा जाणणारा सल्लागार हवा. महिनोन्महिने झोप येत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर तो कोचचा विषयच नव्हे. तेथे मानसोपचारतज्ज्ञच हवा. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे, हे प्रत्येक कारखान्याच्या सूचनाफलकावर लिहिले गेले पाहिजे.

मग कोचचे क्षेत्र कोणते? कालपर्यंत बरोबरीने काम करणारा तरुण आज पर्यवेक्षक झाला आहे आणि वयाने मोठ्या सहकाऱ्यांना काम कसे सांगावे हे त्याला उमगत नाही. एखादी अभियंता भगिनी प्रसूतीनंतर कामावर परतताना दोन्ही आघाड्यांवर ओढली जाते आहे. एखाद्या उद्योजकाला कारखाना मुलाच्या हाती सोपवायचा आहे. पण हात सुटत नाही. अशा वेळी योग्य प्रश्न विचारून माणसाला त्याच्याच विचारांची स्पष्टता देणारा कोच खरोखर मोलाचा ठरतो.

पारख कशी करावी?

भारतात स्वतःला ‘लाइफ कोच’ म्हणवून घेण्यासाठी कोणताही शासकीय परवाना लागत नाही. म्हणून पारख ग्राहकानेच करावयाची आहे. १९९५ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनने प्रमाणपत्राच्या तीन पायऱ्या ठरविल्या आहेत. पहिलीसाठी किमान ६० तासांचे शिक्षण आणि १०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव, दुसरीसाठी १२५ व ५०० तास, तर तिसरीसाठी २०० व २५०० तास आवश्यक असतात. कोचने प्रमाणपत्र दाखवले, तर ते कोणाचे आणि कोणत्या पायरीचे, हे निःसंकोच विचारावे. अर्थात, तास मोजता येतात, शील मोजता येत नाही. म्हणून त्याने पूर्वी ज्यांच्याबरोबर काम केले, त्यांच्यापैकी दोघा-तिघांशी बोलावे.

पहिल्या भेटीत कोण अधिक बोलतो, इकडे लक्ष द्यावे. तासभर तोच बोलत राहिला, तर ती शिकवणी नव्हे, जाहिरात होय. भेटी किती, शुल्क किती, मध्येच थांबल्यास किती पैसे परत आणि सांगितलेली गुपिते कोणापर्यंत जाणार, हे लेखी असावे. कंपनी शुल्क भरत असेल, तर शेवटचा मुद्दा दुप्पट महत्त्वाचा. अहवाल साहेबांच्या टेबलावर जाणार असेल, तर ते कामगाराला आधीच कळले पाहिजे. आणि कोचच्या तोंडून ‘हे माझ्या आवाक्यातले नाही, तुम्ही अमुक तज्ज्ञाकडे जा’ असे वाक्य कधी निघते का, हेही पाहावे. ज्याला स्वतःची मर्यादा ठाऊक आहे, त्याच्यावर विश्वास ठेवण्यास हरकत नाही.

याउलट, नव्वद दिवसांत उत्पन्न दुप्पट करून देण्याची हमी, ‘आजच नाव नोंदवा, उद्या शुल्क वाढेल’ अशी घाई, एक शिबिर संपताच त्याहून महागडे दुसरे शिबिर आणि घरच्यांचे ऐकू नका असा उपदेश, ही धोक्याची चिन्हे होत. सभेत टाळ्या वाजवून झाल्यावर ‘आता तुमच्याखाली आणखी चार मित्र आणा’ असे सुचविले गेले, तर तेथून तत्काळ उठावे. व्यक्तिमत्त्व विकासाच्या नावाखाली अशी साखळी चालविणे हा केवळ अनैतिक व्यवहार नाही. १९७८ चा पैसे-फिरवणूक योजनांवरील बंदीचा कायदा आणि २०२१ चे थेट विक्रीविषयीचे नियम अशा साखळ्यांना मनाई करतात. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. अशा ठिकाणी बुडतात ते पैसे बहुधा गावाकडच्या आईच्या औषधाचे किंवा बहिणीच्या शिक्षणाचे असतात आणि लाजेपोटी मुलगा ते कोणाला सांगतही नाही.

जबाबदारी एकट्याची नाही

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगावयास हवी. सलग रात्रपाळ्या, अनिश्चित करार, चाकणच्या कोंडीत रोज वाया जाणारे तास यांमुळे आलेला थकवा ‘मानसिकता बदला’ या मंत्राने जाणारा नाही. व्यवस्थेचे दोष माणसाच्या मनावर ढकलणारा कोच मालकाला सोयीचा असेल, पण कामगाराच्या हिताचा नसतो. उद्योगांनी बाहेरून वक्ता आणून वर्षातून एक दिवस साजरा करण्यापेक्षा प्रत्येक नवागतामागे एक जाणता ज्येष्ठ उभा करावा. निवृत्त झालेले असंख्य कुशल कारागीर निगडी-प्राधिकरणापासून भोसरीपर्यंत घरोघरी आहेत. त्यांच्या अनुभवाला मागणी नाही आणि तरुणांना मार्गदर्शक नाही, हे चित्र शोभादायक नाही. गणेशोत्सव मंडळे, गृहसंस्था आणि उद्योजकांच्या संघटना यांनी महिन्यातून दोन संध्याकाळी जरी ही गाठ घालून दिली, तरी पुष्कळ काम होईल.

कुरुक्षेत्रावर श्रीकृष्ण अर्जुनाचा सारथी झाला. त्याने सर्व काही समजावून सांगितले आणि अखेरीस, पूर्ण विचार करून तुला योग्य वाटेल ते कर, असे म्हणून निर्णय अर्जुनावरच सोपविला. गांडीव त्याने स्वतःच्या हाती घेतले नाही. आपल्या कोचची हीच कसोटी लावावी. सहा महिन्यांनंतर मी अधिक स्वावलंबी झालो की त्याच्यावाचून माझे पाऊल अडते? उत्तर दुसरे असेल, तर त्याचा मार्ग वेगळा आणि आपला वेगळा, हे नम्रपणे सांगून बाजूला व्हावे.