शीट ओतली म्हणजे डेटाबेस झाला नाही

ऑनलाइन दुकानाची एक्सेल शीट उचलायची, मायएसक्यूएलमध्ये एकाच टेबलात ओतायची आणि ‘तुमचा डेटाबेस तयार’ म्हणून बिल लावायचं, हा प्रकार फसवणुकीचा आहे. मी मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रम या गावात राहून आसपासच्या छोट्या दुकानदारांचा डेटा लावून देण्याचं काम करतो. डाळ, हळद, तूप, पापड-कुरडया विकणारी ही माणसं. शहरातल्या कोणीतरी करून दिलेला त्यांचा ‘डेटाबेस’ उघडला की माझं डोकं फिरतं. आत तीच शीट असते. फरक एवढाच, की पूर्वी ती दुकानदाराला उघडता यायची, आता तेही जमत नाही.

असंच एक टेबल अलीकडे माझ्यासमोर आलं. एका ऑर्डरमध्ये तीन वस्तू असल्या की त्या ऑनलाइन दुकानातून निर्यात केलेल्या फाइलमध्ये तीन ओळी येतात. एकूण रक्कम पहिल्या ओळीतच असते, खालच्या दोन ओळींत ती जागा रिकामी. डेटा भरणाऱ्याने काय केलं? रिकाम्या जागा दिसल्या म्हणून वरची रक्कम खाली ओढली. ११४० रुपयांची ऑर्डर अहवालात ३४२० रुपयांची झाली. दुकानदार त्या फुगलेल्या विक्रीवर विसंबून पुढचा माल भरत होता, आणि गल्ल्यात पैसा का दिसत नाही म्हणून घरात एकमेकांवर संशय घेणं सुरू झालं होतं.

ग्राहकांच्या नोंदींची तर दुर्दशाच. नाव, पत्ता, फोन प्रत्येक ओळीत पुन्हा पुन्हा. गाव कुठे ‘हिवरा आश्रम’, कुठे ‘हिवरा बुद्रुक’, कुठे नुसतंच ‘हिवरा’. इंग्रजीत कोणी व्ही लावलेला, कोणी डब्ल्यू. विवेकानंद जयंतीच्या उत्सवाला इथे लाखो माणसं येतात, ट्रॅक्टरमधून पुरी-भाजीचा महाप्रसाद वाढला जातो. त्या गर्दीत स्टॉलवर नंबर देऊन गेलेला आणि नंतर घरून ऑर्डर टाकणारा माणूस या टेबलात दोन निराळे ग्राहक म्हणून बसला होता, कारण एका नंबराआधी ९१ होतं, दुसऱ्याआधी नव्हतं. आणि ९१ लावलेले कित्येक नंबर एक्सेलने आधीच ‘९.१९ई+११’ करून टाकलेले. शीट तशीच सीएसव्ही म्हणून जतन केली की मूळ आकडे गेले ते गेलेच. मराठीत लिहिलेल्या पत्त्यांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं होती. जुन्या मायएसक्यूएलचा लॅटिन अक्षरसंच कोणी बदललाच नव्हता. ज्याला आपल्या ग्राहकाचा मराठी पत्ता जपता येत नाही, त्याने महाराष्ट्रातल्या दुकानाच्या डेटाला हात लावू नये.

आय.बी.एम.मधल्या एडगर कॉड यांनी डेटाबेसचं रिलेशनल मॉडेल मांडलं ते १९७० साली. आमच्या व्यापाऱ्यांना त्याचा गाभा त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. व्यवहार कीर्दीत एकदाच लिहायचा, खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर न्यायचा. डेटाबेसमध्येही तसंच: ग्राहकाचं एक टेबल, मालाचं एक, ऑर्डरचं एक, ऑर्डरमधल्या वस्तूंचं वेगळं, आणि त्यांना जोडणाऱ्या किल्ल्या. ज्या ग्राहकाची नोंदच नाही त्याच्या नावावर ऑर्डर चढू लागली, तर ‘फॉरेन की’ ही किल्ली ती तिथेच अडवते. हे बंधन ‘भरताना एरर येतो’ म्हणून काढून टाकणारे महाभाग मी पाहिले आहेत. अहो, तो एरर म्हणजे डेटातली चूक सापडली! ती दुरुस्त करण्याचेच तर पैसे तुम्ही घेता.

‘आमचं तर आधीपासून मायएसक्यूएलवरच आहे,’ असंही ऐकवलं जातं. तेवढ्याने भागत नाही. वर्डप्रेसवर ऑनलाइन दुकान चालवणारं वूकॉमर्स मायएसक्यूएलवरच चालतं. पण वर्षानुवर्षं त्याच्या ऑर्डरी वर्डप्रेसच्या लेखांच्याच टेबलात पडत होत्या आणि रक्कम, पत्ता, फोन या गोष्टी पोस्टमेटा नावाच्या टेबलात एकेका ओळीत, निव्वळ मजकूर म्हणून. मजकूर म्हणून क्रम लावला की १०० हे ९९ च्या आधी येतं. ऑक्टोबर २०२३ पासून नव्या दुकानांसाठी वूकॉमर्सने ऑर्डरींची स्वतंत्र टेबलं लागू केली. जुनी दुकानं हलवताना मात्र तो पसारा आधी सोडवावा लागतो.

सगळ्यात घातक चूक भाव आणि कराची. २२ सप्टेंबर २०२५ पासून तुपावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. कराचा दर फक्त मालाच्या टेबलात ठेवला असेल, तर तिथे ५ लिहिल्याक्षणी त्याआधीची सगळी बिलं बदलतात. विकलं त्या दिवशीचा भाव आणि त्या दिवशीचा दर ऑर्डरच्या ओळीतच कोरला गेला पाहिजे. जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. उद्या तपासणी आली तर उत्तर दुकानदाराला द्यावं लागणार. डेटा ओतून गेलेला माणूस तेव्हा फोनही उचलणार नाही.

‘एवढ्याशा दुकानाला हे कशाला?’ हा प्रश्न मला अपमानास्पद वाटतो. शीटवर विसंबून मोठेही फसतात. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेत कोविडचे १५,८४१ रुग्ण आकडेवारीतून गळाले, कारण जुन्या एक्सेल फाइलमध्ये ६५,५३६ च्या पुढे ओळी मावत नाहीत. त्या देशाला सावरायला सरकार होतं. मेहकर तालुक्यात पापड विकणाऱ्या बाईला एका हंगामाचा चुकलेला हिशेब कोण भरून देणार? शिवाय तिच्या ग्राहकांचे फोन आणि पत्ते असलेली फाइल व्हॉट्सॲपवरून चार जणांकडे फिरते. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, पण त्याची आठवण कोणाला नसते.

दुकानदारांना माझं सांगणं आहे. जुनी फाइल जशीच्या तशी बाजूला जपून ठेवा, तिला कोणालाही हात लावू देऊ नका. काम झालं म्हणणाऱ्याला समोर बसवा आणि जुन्या-नव्या दोन्हीकडून ऑर्डरींची संख्या, महिनावार विक्री आणि ग्राहकांची संख्या काढून मागा. विक्री बँकेत जमा झालेल्या रकमेशी आणि भरलेल्या जीएसटी विवरणपत्राशी ताडून पाहा. ग्राहक का कमी झाले, कोणत्या नोंदी एकत्र केल्या, याची यादी लेखी घ्या. मग कुठलीही एक जुनी ऑर्डर स्वतः निवडा, तिचं छापील बिल हातात धरा आणि तीच ऑर्डर नव्या डेटाबेसमधून काढून दाखवायला सांगा. रुपयाचाही फरक निघाला तर बिलाचा एक पैसाही देऊ नका.