चाकांच्या कप्प्यातील गंज आणि तपासणीची कसोटी

मुंबई : चार वर्षांच्या अंतराने दोन वेळा मुंबईच्या विमानतळाने चाक गमावलेले विमान सुखरूप उतरवून घेतले. ६ मे २०२१ रोजी नागपूरहून रुग्णाला घेऊन हैदराबादकडे निघालेल्या छोट्या किंग एअर विमानाचे एक चाक उड्डाणाच्या वेळीच निखळले. विमान मुंबईकडे वळवण्यात आले, धावपट्टीवर फेस पसरवण्यात आला आणि वैमानिकाने चाके न उघडता विमान पोटावर उतरवले. आतील पाचही जण वाचले. १२ सप्टेंबर २०२५ रोजी कांडल्याहून मुंबईकडे झेपावलेल्या क्यू-४०० या पंखायुक्त इंजिनांच्या विमानाचे बाहेरच्या बाजूचे एक चाक कांडल्याच्या धावपट्टीवरच राहिले. उरलेल्या चाकांवर ते विमान मुंबईत नीट उतरले आणि पंचाहत्तर प्रवासी आपल्या पायांनी चालत घरी गेले.

दोन्ही वेळा वैमानिकांचे आणि विमानतळावरील यंत्रणांचे योग्य ते कौतुक झाले. मात्र या दोन घटनांमधील एका साम्याकडे फारसे लक्ष गेले नाही. नागपुरात चाक पडताना पाहिले ते सुरक्षेसाठी तैनात असलेल्या केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या जवानाने. कांडल्यात काहीतरी काळे आणि मोठे खाली पडताना दिसले ते नियंत्रण मनोऱ्यातील अधिकाऱ्याला. विमानाची देखभाल ज्यांच्याकडे नाही, अशा माणसांच्या सजगतेमुळे बिघाड उघड झाला, आणि तोही विमान हवेत गेल्यानंतर. विमान हँगरमध्ये वा फलाटावर उभे असताना जे दिसायला हवे होते ते का दिसले नाही, हा प्रश्न त्यामुळे मागे उरतो.

हा प्रश्न या दोन विमानांपुरता नाही. अहमदाबादच्या १२ जून २०२५ च्या दुर्घटनेनंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या दोन पथकांनी दिल्ली, मुंबई यांसारख्या प्रमुख विमानतळांवर रात्री आणि पहाटेच्या वेळी तपासणी केली. २४ जून रोजी जाहीर झालेल्या निष्कर्षांमध्ये, टायर झिजल्यामुळे एक देशांतर्गत उड्डाण रोखावे लागल्याची नोंद होती. एका विमानाच्या पंखाच्या टोकाकडील गंजरोधक पट्टी खराब झालेली आढळली. नोंदवलेले दोष त्याच विमानात पुन्हा पुन्हा उद्भवत असल्याची अनेक उदाहरणे सापडली. विमानातील यंत्रणेने स्वतः कळवलेले काही दोष तांत्रिक नोंदवहीत उतरवलेच गेले नव्हते. यांपैकी प्रत्येक त्रुटी सुटी पाहिली तर किरकोळ वाटते. एकत्र पाहिल्यास मात्र रोजच्या तपासणीचा धागा कुठे सैल पडतो ते दिसते.

न दिसणारी झीज

विमानाच्या सर्व भागांत लँडिंग गिअर, म्हणजे उतरण्याच्या चाकांची संपूर्ण यंत्रणा, सर्वांत खडतर आयुष्य जगते. मध्यम आकाराचे प्रवासी विमान साठ टनांहून अधिक वजन घेऊन ताशी सुमारे अडीचशे किलोमीटर वेगाने जमिनीला टेकते. तो आघात ज्या खांबांवर, पिनांवर आणि बुशांवर येतो, ते बहुधा अतिशय मजबूत पोलादाचे असतात. हे पोलाद जितके मजबूत तितकेच गंजाला आणि बारीक भेगांना हळवे असते. म्हणून त्यावर कॅडमियम वा क्रोमचा मुलामा आणि रंगाचे थर दिले जातात.

या थरांचे शत्रू चाकांच्या कप्प्यातच असतात. धावपट्टीवरचे पाणी, चिखल आणि खडे चाकांबरोबर वर उडतात. ब्रेकची उष्णता आणि त्यांची काळी पूड तिथेच साठते. उड्डाणानंतर चाके पोटात घेतली जातात आणि दहा किलोमीटर उंचीवरच्या कडाक्याच्या थंडीत हा सारा ओलावा गोठतो. खाली उतरताना दमट हवेतली वाफ थंड धातूवर पुन्हा दव होऊन बसते. एखाद्या खड्याने मुलाम्यावर पाडलेला ओरखडा पुरेसा असतो. तिथे टाचणीच्या टोकाएवढा गंजाचा खड्डा पडतो, प्रत्येक उतरणीच्या ताणाने त्या खड्ड्याच्या तळाशी भेग धरते आणि एके दिवशी संपूर्ण भाग एका झटक्यात तुटतो.

दुसरीकडे झीज चालू असते. बुश आणि पिन यांच्यामध्ये ग्रीस वेळेवर गेले नाही, तर धातू धातूवर घासतो, सांध्यात सैलपणा येतो आणि चाके थरथरू लागतात. बेअरिंग कोरडे पडले तर ते तापते. गंज आणि झीज परस्परांना साथ देतात. घासून उघड्या पडलेल्या धातूवर गंज लवकर चढतो आणि गंजाचे कण पुढच्या घर्षणात सॅंडपेपरसारखे काम करतात. अडचण अशी की हे सारे बहुतेक वेळा आट्यांच्या आत, बुशाच्या मागे, पोकळ आसाच्या पोटात किंवा एखाद्या पट्टीखाली घडते. विमानाभोवती टॉर्च घेऊन फेरी मारणाऱ्याला ते दिसत नाही. त्यासाठी भाग धुवावे लागतात, सुटे करावे लागतात. रंगद्रव्य, चुंबकीय कण, विद्युतप्रवाह किंवा ध्वनिलहरी वापरून भेगांचा शोध घ्यावा लागतो.

परदेशातील धडे

या दुर्लक्षाची किंमत काय असते, याचा पाठ स्कँडिनेव्हियात मिळाला. ९ सप्टेंबर २००७ रोजी डेन्मार्कमधील आल्बोर्ग येथे क्यू-४०० जातीच्याच विमानाचे उजवे मुख्य चाक उतरताना कोलमडले. पंख्याचे तुकडे प्रवासी कक्षात घुसले. तीनच दिवसांनी लिथुआनियातील विल्नियस येथे तसाच प्रकार घडला. चाक वर-खाली करणाऱ्या दांड्याच्या टोकाच्या आट्यांमध्ये गंज चढून पकड सुटली होती, असे तपासात निष्पन्न झाले. बाहेरून तो दांडा धडधाकट दिसत होता. त्यानंतर तातडीच्या तपासण्या झाल्या, तरी २७ ऑक्टोबरला कोपनहेगन येथे तिसरी घटना घडली. या वेळी कारण वेगळे होते. एका सुट्या रबरी कड्याने द्रवाचा मार्ग अडवला होता. दुसऱ्याच दिवशी त्या विमान कंपनीने ही विमाने कायमची सेवेबाहेर काढली. कांडल्याच्या घटनेशी या दोषाचा संबंध जोडण्यास आधार नाही. तिथे चाक गेले, इथे दांडा निसटला. परंतु एकाच यंत्रणेत किती ठिकाणी, किती निरनिराळ्या कारणांनी घात होऊ शकतो, ते या तीन घटनांवरून कळते.

अमेरिकेतील फोर्ट लॉडरडेल येथे २८ ऑक्टोबर २०१६ रोजी फेडेक्सच्या मालवाहू विमानाचा डावा मुख्य लँडिंग गिअर उतरल्यानंतर मोडला आणि विमानाने पेट घेतला. दोघे वैमानिक बाहेर पडू शकले. संरक्षक कॅडमियमचा थर नसलेल्या जागी गंजाचा एक खड्डा पडला होता आणि तिथूनच भेग सुरू झाली होती. अमेरिकेच्या तपास मंडळाने आणखी एका गोष्टीवर बोट ठेवले. निर्मात्याने त्या गिअरच्या संपूर्ण दुरुस्तीसाठी आठ वर्षांची मर्यादा सुचवली होती. कंपनीने ती नऊ वर्षांपर्यंत वाढवली होती आणि त्यासाठी पुरेशी आकडेवारी वा विश्लेषण तिच्यापाशी नव्हते. गिअर मोडला तो या दोन मर्यादांच्या मधल्या काळात. दुरुस्ती चुकवली नव्हती. कागदोपत्री सारे काही वेळेत होते. मर्यादाच चुकीची ठरली होती.

उड्डाणे मोजावीत की पावसाळे?

लँडिंग गिअरची संपूर्ण दुरुस्ती आजच्या प्रचलित मध्यम विमानांमध्ये साधारणपणे दहा वर्षांनी किंवा वीस हजारांच्या आसपास उड्डाणांनी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, केली जाते. या दुहेरी मोजमापामागे तर्क आहे. झीज उतरणींवर अवलंबून असते, गंज मात्र काळावर आणि हवेवर. विमान आठ तास उडाले काय किंवा पाऊण तास, चाकांच्या वाट्याला एकच उतरण येते. ‘उडान’ योजनेखाली २७ एप्रिल २०१७ रोजी नांदेडसारखी शहरे हैदराबादशी जोडली गेली. तेव्हापासून वाढत गेलेल्या प्रादेशिक मार्गांवर एकेक छोटे विमान दिवसातून अनेक लहान फेऱ्या करते. त्याच्या चाकांचे वय उड्डाणाच्या तासांवरून कळणार नाही.

गंजाचे गणित याहून निराळे. हवाई बेटांवर २८ एप्रिल १९८८ रोजी अलोहा कंपनीच्या बोइंग ७३७ विमानाचे छत हवेत उडून गेले आणि एका हवाई सेविकेचा बळी गेला. त्या विमानाने खाऱ्या हवेत ८९ हजार ६८० उड्डाणे केली होती. भेगा शोधण्याचे कंटाळवाणे काम रात्री, अपुऱ्या वेळात केले जाते, याकडे तेव्हाच्या तपासाने लक्ष वेधले. विमानात चढताना एका प्रवासी महिलेला पत्र्यावर भेग दिसली होती, पण तिने ती कुणाला सांगितली नाही. त्या अपघातानंतर जुन्या विमानांसाठी गंजनियंत्रणाचे स्वतंत्र कार्यक्रम जगभर सक्तीचे झाले. त्यात गंजाच्या तीन पातळ्या ठरल्या : सहन करण्याजोगा, दुरुस्ती अनिवार्य करणारा आणि त्या जातीच्या सर्वच विमानांविषयी तातडीने विचार करायला लावणारा.

मुंबई आणि गोवा ही दोन्ही विमान केंद्रे समुद्राकाठची आहेत. दाबोळीचे विमानतळ तर समुद्राच्या कडेलाच आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून उड्डाणे सुरू झालेले नवी मुंबई विमानतळ पनवेल खाडीलगत उभे आहे. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्याचे चार महिने आणि उरलेल्या काळातील खारी हवा यांच्यात रात्र रात्र उभे राहणारे विमान आणि कोरड्या हवामानातील विमान यांच्यासाठी एकच वेळापत्रक पुरेसे नाही. निर्मात्यांच्या देखभाल नियमावल्याही खाऱ्या, दमट प्रदेशात तपासणी अधिक वेळा करण्याची मुभा ठेवतात. ती मुभा किती कंपन्या वापरतात, हे प्रवाशाला कळण्याचा मार्ग नाही.

उभे राहिलेले विमानही सुरक्षित नसते. टाळेबंदीच्या काळात जुलै २०२० मध्ये अमेरिकेच्या नियामकाने, सात दिवस वा अधिक काळ उभ्या असलेल्या बोइंग ७३७ विमानांच्या इंजिनांतील एका झडपेवर गंज चढत असल्यामुळे तातडीचा तपासणी आदेश काढला होता. भारतात ३ मे २०२३ पासून ‘गो फर्स्ट’ची उड्डाणे थांबली. तिची ५४ विमाने नोंदणीतून मुक्त व्हायला एप्रिल २०२४ उजाडला, आणि तोवर उभ्या विमानांच्या अवस्थेवरून त्यांच्या मालकांना दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागावी लागली.

डोळे कमी, विमाने अधिक

भारताची देशांतर्गत हवाई बाजारपेठ जगात तिसऱ्या क्रमांकाची आहे. तिच्यावर नजर ठेवणाऱ्या महासंचालनालयात मंजूर १ हजार ६३ पदांपैकी ५५३ पदेच भरलेली असल्याचे संसदेच्या परिवहन, पर्यटन व संस्कृती विषयक स्थायी समितीने ऑगस्ट २०२५ मधील अहवालात नमूद केले. नियामक प्रत्येक विमानाच्या कप्प्यात डोकावू शकत नाही, हे खरे. ते काम कंपनीच्या परवानाधारक अभियंत्याचे आहे आणि त्याच्या सहीनंतरच विमान सुटते. पण पहाटे साडेतीनला, पहिल्या उड्डाणाला दोन तास उरले असताना, ‘हे विमान आज जाणार नाही’ असे लिहिण्याचे बळ त्या अभियंत्याला मिळते ते आपल्या मागे नियामक उभा असल्याच्या खात्रीमुळे. निम्मी आसने रिकामी असताना ती खात्री क्षीण होते.

पायाभूत सोयींच्या बाबतीत चित्र अगदीच निराशाजनक नाही. नागपूरच्या मिहानमध्ये बोइंगने उभारलेले देखभाल केंद्र २०१५ मध्ये सुरू झाले. एअर इंडियाचे खासगीकरण झाल्यावरही ते सरकारी अभियांत्रिकी कंपनीकडे राहिले. समुद्रापासून दूर, तुलनेने कोरड्या विदर्भात मोठ्या तपासण्या करण्याचा लाभ उघड आहे. देखभाल सेवांवरील वस्तू व सेवा कर एप्रिल २०२० मध्ये १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आणि जुलै २०२४ पासून सुट्या भागांवरील एकात्मिक करही सरसकट ५ टक्के झाला. देशातच खोल तपासणी स्वस्त झाली तर ती लांबणीवर टाकण्याचा मोह कमी होईल, ही अपेक्षा त्यामागे आहे.

आता गरज आहे ती तीन साध्या गोष्टींची. किनारी तळांवर मुक्काम करणाऱ्या विमानांसाठी चाकांच्या कप्प्यांची तपासणी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, दिनदर्शिकेनुसार बंधनकारक व्हावी. पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या दोषांची कंपनीनिहाय माहिती ठरावीक काळाने जाहीर व्हावी, कारण जून २०२५ च्या पाहणीत कंपन्यांची नावे आलीच नाहीत. आणि निरीक्षकांची रिकामी पदे नव्या विमानतळांच्या उद्घाटनांइतक्याच तत्परतेने भरली जावीत. नागपूर आणि कांडला येथे कुणाची तरी नजर वेळेवर पडली, म्हणून मुंबईत अग्निशमन दल वाट पाहत उभे राहू शकले. ती नजर विमान हँगरमध्ये असतानाच चाकाकडे वळावी, यासाठी या तीन गोष्टी व्हायला हव्यात.